समोरचा ब्रेक आणि झाडीपट्टीचे रस्ते

झाडीपट्टीतल्या आमच्या भंडारा जिल्ह्यात पोराला मोटरसायकल शिकवायची म्हटलं की क्लच, गेअर, रेस हे सगळं मागून येतं. आधी ताकीद येते : "समोरचा ब्रेक मारू नोको बाबू, पलटी खाशीन." ही ताकीद मामा देतो, काका देतो, पानठेल्यावर उभा असलेला, त्या गाडीशी काडीचा संबंध नसलेला माणूसही देतो. देणाऱ्याला ती त्याच्या मामाकडून मिळालेली असते. मामाला कोणी दिली, हे कोणी विचारत नाही.

मी विचारतो, कारण माझं पोट त्या ब्रेकवर आहे. लाखनीला महामार्गाच्या कडेला माझं गॅरेज आहे आणि आता मी जुन्या बुलेट, राजदूत, जावा, येझदी एवढंच काम घेतो. गोठ्यातून, धानाच्या कोठारामागून निघालेल्या या गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा त्यांची चाकं खोलताच एक गोष्ट हमखास दिसते. मागच्या ब्रेकच्या शूवरचे, ड्रमला घासणारे लायनर रिव्हेटपर्यंत झिजलेले, ड्रमला रिव्हेटच्या डोक्यांनी चर पाडलेले. समोरचे लायनर जवळपास कोरे. केबल गंजून आतल्या आत चिकटलेली, कॅम ग्रीसअभावी जाम. गाडीनं मालकाची नोकरी काढली, पोरींची लग्नं पाहिली, पण समोरचा ब्रेक कारखान्यातून आला तसाच राहिला. पवनीच्या टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन करणाऱ्यांनी मातीच्या थरांवरून स्तूपाचा काळ लावला. मी लायनरच्या जाडीवरून चालवणाऱ्यांचा काळ लावतो. आणि मला वाटतं, समोरचा ब्रेक न वापरण्याचा आमच्याकडचा हा जुना रिवाज अडाणीपणातून आलेला नाही. तो रस्त्यातून आला.

आधी रस्ता सांगतो. इंग्रजांच्या काळी नागपूरहून भंडारा, साकोली करत रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड हा या भागाचा मुख्य रस्ता. पुढं तो राष्ट्रीय महामार्ग ६ झाला, आता ५३. हा एक सोडला तर आत अड्याळ, पवनी, लाखांदूर, मोहाडीकडे किंवा तुमसरच्या मॅंगनीज खाणींकडे जाणारी वाट कितीतरी वर्षं मुरमाची, नाही तर बैलगाडीच्या चाकोऱ्यांची. वर्षाला बाराशे-तेराशे मिलीमीटर पाऊस, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मध्ये तलावांच्या पाळी. रोवणीच्या दिवसांत तर रस्ता आणि बांधी यांत फरक एवढाच की रस्त्यावर परे लावलेले नसतात. सातारा-कोल्हापूरकडे असतात तसे घाट इथं नाहीत. गायखुरी आणि अंबागडच्या डोंगररांगा आहेत, पण आमची बरीचशी वहिवाट सपाटच. म्हणजे लांब उतारावर ब्रेक धरून बसण्याचा, ड्रम तापून ब्रेक मरण्याचा प्रसंग आमच्या मोटरसायकलवाल्याला फारसा आला नाही. त्याचा शत्रू वेगळा होता : सुटा मुरूम, ओली काळी माती आणि दिवेलागणीला रस्त्याच्या मधोमध चालणारं म्हशींचं खांड.

अशा रस्त्यावर मामाची ताकीद खरी होती. सुट्या मुरमावर समोरचं चाक लॉक झालं की हँडल हातातून जातं आणि माणूस खाली येतो. मागचं चाक लॉक झालं तर गाडी शेपटी हलवते, घसरते, पण पाय टेकवून सावरता येते. शिवाय एक हिशेब आहे. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढच्या चाकावर झुकतो. जितका ब्रेक जोरात लागतो तितका तो जास्त झुकतो. कोरड्या डांबरावर टायरची पकड चांगली, गाडी झपकन थांबते, म्हणून बहुतेक भार पुढं जातो, मागचं चाक हलकं होतं आणि मागचा ब्रेक नावापुरता उरतो. मुरमावर पकडच कमी, गाडी सावकाश थांबते, भार फारसा पुढं जात नाही, मागच्या चाकाजवळ बराच शिल्लक राहतो. तीस-चाळीसच्या वेगानं जाणाऱ्याला त्या मागच्या चाकानं थांबवलं आणि तो घरी पोचला. अनुभवातून शिकलेली ती गोष्ट डांबर आल्यावरही पोरांच्या कानावर तशीच पडत राहिली.

आता गाड्या. १९५५ साली मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली तेव्हा भंडारा जिल्हा महाराष्ट्रात नव्हता. आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. लष्करानं सीमेवरच्या गस्तीसाठी ८०० बुलेटची मागणी नोंदवली, तिच्या जोरावर मद्रास मोटर्स आणि इंग्लंडची रॉयल एनफील्ड यांनी मिळून एनफील्ड इंडिया काढली. गाडी आली तशी इंग्लंडच्या रस्त्यांसाठी घडलेली होती : ३४६ सीसीचं एकच सिलिंडर, समोर टेलिस्कोपिक फोर्क आणि हबच्या एका बाजूला बसवलेला ६ इंची ड्रम. पुढं इंग्लंडात काय झालं ते पाहण्यासारखं आहे. तिथं १९५९ मध्ये लंडनहून उत्तरेकडे जाणारा एम-१ मोटरवे खुला झाला, गाड्यांचे वेग वाढले आणि त्यामागोमाग ब्रेक सुधारत गेले. १९६९ मध्ये होंडानं सीबी-७५० ला समोर डिस्क ब्रेक दिला आणि मोठ्या मोटरसायकलींचं गणित बदललं. तोवर रेडिचचा रॉयल एनफील्डचा मूळ कारखाना बंद पडलेला होता. मद्रासचा मात्र चालूच राहिला आणि १९५० च्या दशकातली गाडी तो पुढची कित्येक वर्षं बनवत राहिला. आमचे रस्तेही त्याच दशकातले होते, म्हणून कोणाची तक्रार आली नाही.

दुसऱ्या दोन गाड्या १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आल्या. म्हैसूरच्या आयडियल जावानं १९६१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाची जावा बनवायला घेतली. तिचीच पुढं १९७३ पासून येझदी झाली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ ही पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून घेतलेली, १९६२ पासूनची. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटात दिसली ती छोटी राजदूत जीटीएस तिच्याच घरातली. आमच्याकडे बुलेट म्हणजे राइसमिलवाले, तेंदूपत्त्याचे कंत्राटदार, जंगल खात्याचे साहेब, जुन्या मालगुजारांची पोरं. राजदूत म्हणजे मास्तर, ग्रामसेवक, दुधाच्या कॅना बांधणारे गवळी. जवाहरनगरला आयुध निर्माणी आली, वरठीला लोखंडाचा कारखाना आला, तेव्हा पगारदार माणसांकडे येझदी दिसू लागली.

या तीन गाड्यांत एक विचित्र गोष्ट होती. बुलेटचा गेअर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात. राजदूत-जावाचं नेमकं उलटं : गेअर डाव्या पायात, ब्रेक उजव्या पायात. ज्याच्या घरी राजदूत होती तो मालकाच्या बुलेटवर बसला आणि अचानक म्हैस आडवी आली की उजवा पाय दाबायचा; ब्रेकऐवजी गेअर पडायचा. अशा धडकेत वाकलेले पुढचे मडगार्ड, ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो त्या उस्तादांच्या काळापासून आमच्याकडे येत आले आहेत. या सगळ्या गाड्यांत, आणि बजाज-लॅम्ब्रेटा स्कूटरमध्येसुद्धा, एकच गोष्ट न चुकता एका जागी होती : उजव्या हाताखालचा समोरच्या ब्रेकचा लिवर. गाडी कोणतीही असो, तो हात चुकला नसता. पण नेमका तोच हात वापरायचा नाही, ही शिकवण.

आणि समजा कोणी वापरलाच, तरी जुन्या ब्रेकनं त्याचा विश्वास कितपत कमावला असता? इथं थोडं ड्रमच्या आत शिरावं लागेल. ड्रममध्ये अर्धवर्तुळाकार दोन शू असतात. प्रत्येकाचं एक टोक खिळ्यावर टेकलेलं, दुसऱ्या टोकाशी कॅम. लिवर दाबला की केबल ओढली जाते, कॅम फिरतो आणि दोन्ही शू फाकून ड्रमला लागतात. फिरता ड्रम एका शूला कॅमकडून खिळ्याकडे घासत जातो. तो शू आपोआप ओढला जाऊन ड्रमला आणखी घट्ट चिकटतो. हा लीडिंग शू. दुसऱ्या शूला तोच ड्रम खिळ्याकडून कॅमकडे घासतो आणि मागं ढकलतो. हा ट्रेलिंग. म्हणजे दोन शूंपैकी मनापासून काम एकच करतो. ६ इंची ड्रम, त्यात एक शू कामाचा, त्यात केबल ताणली जाणारी, त्यात कॅम जाम. त्या काळच्या माणसानं एकदा भीत भीत लिवर दाबून पाहिला असेल, काही झालं नाही, आणि त्यानं तो विषयच सोडून दिला. असे दोन समज आमच्याकडे एकत्र नांदतात : समोरचा ब्रेक पलटी मारतो आणि समोरचा ब्रेक लागतच नाही. एकाच तोंडातून दोन्ही ऐकले की मला हसू येतं.

पुढं बुलेटला ७ इंची ड्रम आला आणि त्यात दोन कॅम, म्हणजे दोन्ही शू लीडिंग. बाहेर दोन आर्म आणि त्यांना जोडणारी एक सळई. दोन्ही शू ड्रम ओढून घेतो, त्यामुळं तेवढ्याच जोरात दाबलेला लिवर चांगलाच जास्त ब्रेक देतो. याची एक खोड आहे : गाडी उतारावर मागं सरकू लागली तर तेच दोन्ही शू ट्रेलिंग होतात आणि ब्रेक धरत नाही. आमच्याकडे तलावाच्या पाळीवर गाडी चढवताना बंद पडली की हे कळतं. तिथं मागचाच ब्रेक कामाचा. पण सपाट डांबरावर जुन्या बुलेटसाठी याहून चांगली सुधारणा त्या काळात नव्हती, आणि माझ्या मते आजही नाही.

कारखान्यानं दिलेली ही सुधारणा आमच्याकडे पोचायच्या आधीपासून गॅरेजवाल्यांची स्वतःची एक सुधारणा चालू होती. ती कोणत्याही पुस्तकात नाही, म्हणून सांगतो.

मी १९७८ च्या सुमाराला उस्तादांच्या हाताखाली लागलो. भंडाऱ्याच्या जुन्या बसस्टँडकडच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. पहिलं काम शिकलो ते शूला लायनर बसवायचं. जुन्या लायनरच्या रिव्हेटा छिन्नीनं उडवायच्या, शू वाळूच्या पेपरनं साफ करायचा, नवीन लायनर शिकंज्यात दाबून मधल्या रिव्हेटपासून बाहेरच्या टोकांकडे बसवत जायचं. टोकांकडून सुरू केलं तर लायनर मध्ये फुगतो. रिव्हेटचं डोकं लायनरच्या आत बुडालं पाहिजे, नाही तर ते ड्रम खातं. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ड्रम खोलला की आतली राख तोंडानं फुंकून उडवायची, ही सगळ्याच गॅरेजांची पद्धत होती. ती धूळ फुप्फुसात बसते आणि कर्करोग करते, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या दुकानात आता जुना ड्रम ओल्या फडक्यानंच पुसायचा, हा नियम आहे.

लायनर बसला म्हणजे ब्रेक झाला असं नाही. ड्रमच्या आत खडूनं रेघा मारायच्या, शू चढवून चाक फिरवायचं, ब्रेक दाबायचा आणि पुन्हा खोलायचं. जिथं खडू लागला तेवढ्याच जागी शू टेकतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो, कारण नवा कोरा शू टोकाला बोटभर टेकलेला असतो, बाकी हवेत. मग उंच भाग कानशीनं हळूहळू घासायचा, पुन्हा खडू, पुन्हा खोलणं. उस्ताद म्हणायचे, "घाई असन तं सायकल चालव." पूर्ण शू टेकला की त्याच ब्रेकला दुप्पट जीव आल्यासारखा वाटतो.

ड्रम गोल असला पाहिजे, हे ऐकायला सोपं वाटतं. स्पोक एका बाजूनं जास्त ताणले गेले की हब किंचित ओढला जातो आणि ड्रम अंडाकृती होतो. लिवर दाबला की हाताला ठोके जाणवतात, एका फेऱ्यात ब्रेक लागतो, सुटतो. म्हणून शहाणा खरादी ड्रम एकटा लेथवर चढवत नाही. रिमसकट, स्पोक बांधलेल्या चाकासकट चढवतो आणि मग आतून हलकासा कट घेतो. याला मोठ्या तोंडाचा लेथ लागतो. अशोक लेलँडचा गडेगावचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. गिअरबॉक्सच्या कामात हात बसलेली माणसं लाखनी-भंडाऱ्याच्या वर्कशॉपांत भेटू लागली, तसं हे काम मला नागपूरला न्यावं लागेनासं झालं.

आणि पितळ. भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव, कासार-तांबटांची घरं, हातोड्यांचा आवाज. स्टीलनं ती भांडी मागं सारली, पण आमच्या धंद्याला त्या गावाचा उपयोग झाला. ब्रेक प्लेटमध्ये कॅमचा दांडा ज्या भोकात फिरतो ते वर्षानुवर्षं झिजून मोठं होतं. मग लिवर दाबला की कॅम फिरण्याआधी तिरपा होतो आणि हाताचा निम्मा जोर त्यातच वाया जातो. ते भोक मोठं करून त्यात बुश ठोकायचा. उस्ताद ओतकाम करणाऱ्यांकडून धातू आणत आणि एक गोष्ट बजावून सांगत : ताट-गुंडाचं पितळ यात चालत नाही. ते तांबं आणि जस्ताचं, ठोकून पत्रा होण्यासाठी मऊ. बुशला कथिल असलेलं गनमेटल पाहिजे, ते घर्षणात टिकतं. बुश बसला, चोपडं ग्रीस लागलं, की लिवरचा पोकळपणा जातो.

उरलं ते केबल आणि आर्म. केबल रात्रभर उभी टांगून वरून तेल सोडायचं. ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि आर्म यांत काटकोन पाहिजे. त्या कोनात ओढ पूर्ण मिळते. लायनर झिजत गेला की आर्म पुढं पुढं जातो आणि ओढ कमी होते. मग आळशी मेकॅनिक आर्म काढून एक दाता मागं बसवून देतो. गिऱ्हाईक खूश. पण झिजलेल्या लायनरवर कॅम जास्त फिरला तर तो उलटून शू तसाच अडकू शकतो आणि चाक जाम होतं. "समोरचा ब्रेक पलटी मारतो" या समजाला अशा दुरुस्त्यांनीही खतपाणी घातलं असावं. शेवटचं काम सगळ्यात सोपं : एक्सलचा नट ढिला ठेवून चाक जोरात फिरवायचं, ब्रेक कचकन दाबून धरायचा आणि दाबलेलाच ठेवून नट कसायचा. शू आपोआप ड्रमच्या मध्यावर येतात. एवढं करायला पाच मिनिटं लागतात, आणि तरी बहुतेक ठिकाणी ते केलं जात नाही.

म्हणजे जुन्या गाडीचा समोरचा ब्रेक सुधारण्याची पहिली पायरी म्हणजे कारखान्यानं दिलेला ब्रेक आधी पूर्ण कामाला लावणं. आमच्या पिढीनं एवढंच केलं. सुटे भाग मिळत नव्हते हे एक कारण, आणि रस्ता याहून जास्त मागत नव्हता हे दुसरं.

रस्त्याच्या आधी गाडी पुढं गेली, असं एकदाच घडलं. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरडी-३५० राजदूत ३५० या नावानं आणली. दोन सिलिंडर, सहा गेअर, तीस अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन. परदेशात या गाडीला १९७३ पासून समोर डिस्क होती. इथं किंमत आटोक्यात ठेवायला तिच्या जागी ७ इंची, दोन लीडिंग शूंचा ड्रम आला. तोच ड्रम बुलेटला वरदान होता आणि या गाडीला अपुरा. कारण सरळ आहे : वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं आणि ड्रममध्ये जिरवायची उष्णताही चौपट. ताशी ४० नं गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ८० नं २२ मीटर, आणि राजदूत ३५० साठी ८० हा चौथ्या गेअरचा विषय. साकोली रस्त्यावर त्या गाडीचा आवाज लांबून ओळखू यायचा आणि बाया पोरांना आत ओढायच्या. जिल्ह्यात त्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तेल जास्त पीत, मेकॅनिकला समजत नसत. दशक संपता संपता ती बंद झाली. आज तिच्या हौशी लोकांत समोर मूळची यामाहा डिस्क बसवणं ही पहिली सुधारणा मानली जाते, आणि तिथं मी ती योग्यच समजतो, कारण ती गाडी डिस्क डोळ्यांसमोर ठेवूनच घडवलेली होती.

राजदूत ३५० नं पोरांना वेडं केलं, पण जिल्ह्याची सवय बदलली ती १०० सीसीच्या गाड्यांनी. १९८४ ला इंड-सुझुकी, १९८५ ला हीरो होंडा सीडी-१०० आणि यामाहा आरएक्स-१००. हलक्या गाड्या, लहान पण नीट बनवलेले ड्रम. मास्तरांनी राजदूत विकून हीरो होंडा घेतली आणि ब्रेकचा विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. पुढं १९९९ मध्ये सीबीझी समोर डिस्क घेऊन आली, मग पल्सर आली. त्याच काळात आतल्या रस्त्यांवर डांबर आलं, नागपूरकडून येणारा महामार्ग चौपदरी होत गेला. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला, आमच्या पाट्यांवर एमएच-३६ उरलं. रस्ता बदलला, गाडी बदलली, उजवा हात मात्र तसाच. डिस्क असलेल्या गाडीचासुद्धा मागचाच शू आधी संपतो, हे मी दुकानात रोज पाहत होतो.

शेवटी हा प्रश्न सरकारनं सोडवला, आणि तो माणसाला शिकवून नव्हे. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींत १२५ सीसीपर्यंत दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा आणि त्यावर एबीएस सक्तीचं झालं. जोडलेल्या ब्रेकमध्ये पाय दाबला की मागच्यासोबत समोरचाही थोडा लागतो. तुम्ही समोरचा दाबत नाही ना, मग आम्हीच दाबतो, असा तो सरळ व्यवहार. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, म्हणजे मुरमावरची ती जुनी भीतीही त्यानं बरीचशी काढून घेतली.

उरल्या जुन्या गाड्या. आता पुण्याला नोकरीला असलेली पोरं आजोबांची बुलेट घेऊन माझ्याकडे येतात. पहिलं वाक्य ठरलेलं : "काका, समोर डिस्क लावून द्या." मी चाक उचलून त्यांना फोर्क दाखवतो. जुन्या बुलेटच्या फोर्कला कॅलिपर धरायला जागाच नाही. वेल्डिंग करून पकड चिकटवली तर ब्रेकचा सगळा पिळ एकाच पायावर, तोही चिकटवलेल्या जागी. ते नको असेल तर पूर्ण फोर्क नव्या बुलेटचा, हब नवा, हँडलवर मास्टर सिलिंडर, म्हणजे गाडीचं तोंडच बदललं. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की उत्पादकाच्या मूळ रचनेला विसंगत फेरफार चालणार नाही. आणि २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करायची तर चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. नोंदणीला २० हजार रुपये लागतात, नव्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, आणि अशी गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. आजोबांची गाडी म्हणून जपायची आणि तिचंच रूप मोडायचं, हे दोन्ही एकदम होत नाही.

म्हणून मी दुसरं सुचवतो. ६ इंची जुना हब उतरवून कापडात गुंडाळून मालकाच्या हाती द्यायचा, विकायचा नाही. त्या जागी नंतरच्या बुलेटचा ७ इंची, दोन लीडिंग शूंचा हब, नवीन स्पोक, ड्रम चाकासकट टर्न केलेला, शू खडूनं बसवलेले, जोडसळई अशी लावलेली की दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील. तीच कंपनी, तीच गाडी, तिच्याच घरातला मोठा भाग. उद्या कोणाला मूळ रूप हवं असलं तर एका दुपारी परत होतं.

पण त्याच्याही आधी मी मालकाला एक प्रश्न विचारतो : गाडी कोणत्या रस्त्यानं चालवणार? महामार्गानं रोज नागपूर करायचं असेल तर त्याला मी माझं गिऱ्हाईक होऊ देत नाही. एबीएसवाली नवी गाडी घे म्हणतो, कारण पुढचा ट्रक एअर ब्रेकनं थांबतो आणि मागची कार एबीएसनं, आणि मध्ये १९६० सालचा माणूस होऊन चालणं शहाणपणाचं नाही. अड्याळ-पवनीकडे, गायमुखच्या जत्रेला, शेतावर, पन्नासच्या आत चालवायची असेल तर नीट बसवलेला ड्रम पुरून उरतो. अट एवढीच की तो दाबायचा. मुरमावर नको, डांबरावर, सरळ रस्त्यात, रोज दोनदा तरी, हळूहळू वाढत्या जोरानं. न दाबलेल्या ब्रेकचा कॅम गंजतो, केबल चिकटते, आणि ज्या दिवशी खरंच गरज पडते त्या दिवशी हातात नुसता लिवर येतो. हे पटलं तर मी काम हाती घेतो, नाही पटलं तर चहा पाजून परत पाठवतो.